सॉनिक व्हिज्युअलायझर: ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासात काय जमतं, कुठे फसतं

सॉनिक व्हिज्युअलायझर हे ध्वनिमुद्रण ऐकता ऐकता त्याचं चित्र पाहण्याचं, त्यावर खुणा करण्याचं आणि त्यातून आकडे काढण्याचं सॉफ्टवेअर आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या सेंटर फॉर डिजिटल म्युझिकमध्ये ते तयार झालं. विनामूल्य आहे, त्याची स्रोतसंहिता खुली आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ख्यालातला आलाप असो, शोपँच्या रचनांचं पियानोवादन असो, गामेलान या जावा-बालीच्या वाद्यवृंदातली धातूची वाद्यं असोत की तुर्कस्तानातला रागासारखा मकाम असो, ध्वनिमुद्रणावरून संगीताचा अभ्यास करायचा असेल तर पहिलं साधन म्हणून हेच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र हे सॉफ्टवेअर दाखवतं ते प्रत्येक चित्र कुठल्या तरी सेटिंगवर उभं असतं. ती सेटिंग कोणती आणि का, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या हाती देखणं पण खोटं चित्र लागू शकतं. म्हणून या परीक्षणात वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षा सेटिंगवरच जास्त लिहिलं आहे.

काय अपेक्षा ठेवू नये ते आधी सांगतो. हे ध्वनी कापायचं, जोडायचं किंवा साफ करायचं साधन नाही. गाणं ऐकून स्वरलिपी लिहून देणारंही नाही. व्हिडिओ त्यात उघडत नाही. त्यामुळे हातवारे, नृत्य, वादकांची नजरानजर असा अभ्यास असेल तर तिथे इलान हे नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक संस्थेचं साधन बरं पडतं.

रचना समजायला सोपी आहे. पडद्यावर आडवे फलक असतात, त्यांना पेन म्हणतात. प्रत्येक फलकात एकावर एक पारदर्शक थर, म्हणजे लेयर, चढवता येतात. वरच्या फलकात ध्वनीची लहर, खालच्यात स्पेक्ट्रोग्राम, त्याच्यावर स्वररेषा, तिच्यावर मात्रांच्या उभ्या रेघा, आणि बोल किंवा शब्द लिहिलेला मजकुराचा थर. सगळे फलक एकाच काळरेषेला बांधलेले असतात. एक सरकवला की सगळे सरकतात. ऐकलेली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं), तिचं चित्र आणि तिच्याखालची मात्रा एकाच उभ्या रेषेत दिसतात. हे ऐकायला साधं वाटतं, पण विश्लेषणाचं निम्मं काम इथेच होतं. प्रत्येक थराचा आवाज आणि त्याची डावी-उजवी बाजू वेगळी ठेवता येते. मात्रांच्या खुणा वाजवताना टिकटिक ऐकू येते. ती एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात ठेवलं की खूण पुढे पडली की मागे, हे लगेच कळतं.

विंडोचा आकार: सगळ्यात आधी इथे पाहा

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे ध्वनीचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कुठल्या कंपनसंख्या किती जोरात आहेत, हे रंगाने दाखवणं. तुकड्याची लांबी म्हणजे विंडो. नवीन माणूस स्पेक्ट्रोग्राम उघडतो तेव्हा विंडो १०२४ नमुन्यांची असते; नमुना म्हणजे संगणकाने ध्वनीचं एका क्षणाला घेतलेलं माप. ध्वनी ४४,१०० हर्ट्झच्या नमुनादराचा असेल तर हा तुकडा सुमारे २३ मिलिसेकंदांचा होतो आणि उभ्या अक्षावर एकेक खाना ४३ हर्ट्झचा पडतो. २२० हर्ट्झचा षड्ज धरला तर ४३ हर्ट्झ म्हणजे साधारण ३१० सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). म्हणजे सा पासून कोमल गंधारापर्यंतचा सगळा ऐवज एका खान्यात! या चित्रावर कोणी श्रुतींची चर्चा करू लागलं तर ती चर्चा तिथेच थांबवावी.

विंडो ४०९६ केली की खाना १०.८ हर्ट्झचा होतो. २२० हर्ट्झपाशी तो अजूनही ८३ सेंटांचा असतो, पण दोन सप्तकं वर ८८० हर्ट्झपाशी तोच २१ सेंटांचा होतो. यातून एक उपयोगी युक्ती निघते. स्वर मोजायचा तर मूळ कंपनसंख्येची रेषा पाहण्याऐवजी तिच्या चौथ्या उपस्वराची, म्हणजे चौपट कंपनसंख्येची, रेषा पाहावी आणि आलेल्या आकड्याला चारने भागावं. रेषा तीच वळणं घेते, पण चौपट ठळकपणे. गळा, सारंगी, व्हायोलिन, बासरी यांना ही युक्ती लागू पडते. धातूच्या पट्ट्या आणि घंटा यांना नाही. ते पुढे येईलच.

मग विंडो सरळ १६,३८४ का करू नये? कारण तेव्हा तुकडा ३७० मिलिसेकंदांचा होतो आणि तेवढ्या वेळात घडलेलं सगळं एकमेकांत मिसळतं. द्रुत तानेतले स्वर एकाच ढगात जातात. पाश्चात्य ऑपेरातलं व्हायब्रेटो, म्हणजे स्वराचा नियमित कंप, सेकंदाला ५ ते ७ वेळा हलतं; ६ वेळा धरलं तर एक फेरी १६७ मिलिसेकंदांची. ८१९२ ची विंडो १८६ मिलिसेकंदांची असते. अख्खी फेरी एका तुकड्यात बसते आणि हलती रेषा जाड, स्थिर पट्ट्यासारखी दिसू लागते. व्हायब्रेटो नाहीसं होत नाही, दिसेनासं होतं. म्हणून एकाच फलकात सगळं पाहायचा हट्ट धरू नये. दोन फलक उघडावेत: एक २०४८ चा, आघात, तान आणि कंप पाहायला, दुसरा ८१९२ चा, ठेहराव पाहायला.

ओव्हरलॅप, म्हणजे लगतचे तुकडे एकमेकांवर किती चढतात ते, वाढवला की चित्र गुळगुळीत होतं. स्वर वेगळे काढण्याची क्षमता त्याने वाढत नाही. पुष्कळ जण इथे फसतात.

तयार थरांपैकी मेलडिक रेंज स्पेक्ट्रोग्राम गायनासाठी सर्वांत कामाचा. त्याचा उभा अक्ष लघुगणकी असतो, त्यामुळे मंद्रातला पंचम आणि तारातला पंचम यांची आपापल्या सप्तकातल्या षड्जापासूनची अंतरं डोळ्यांना सारखी दिसतात. पीक फ्रिक्वेन्सी स्पेक्ट्रोग्राम खान्याच्या आत नेमकी कंपनसंख्या कुठे आहे याचा अंदाज कलेवरून, म्हणजे फेजवरून, काढतो आणि जाड पट्ट्याऐवजी बारीक रेघ दाखवतो. ही रेघ फार अचूक वाटते. पण एकाच खान्यात दोन आवाज असतील, उदाहरणार्थ गायकाचा षड्ज आणि तंबोऱ्याचा षड्ज, तर ती रेघ दोघांपैकी कोणाचीच नसते.

स्वररेषा: पी-यिन आणि मेलोडिया

सॉनिक व्हिज्युअलायझर स्वतः स्वर ओळखत नाही. त्यासाठी व्हॅम्प नावाची प्लगइन, म्हणजे जोडून वापरायची छोटी सॉफ्टवेअर, वेगळी बसवावी लागतात; बरीचशी एकत्र देणारा संचही आहे. बसवल्यावर ती ट्रान्सफॉर्म मेनूत दिसतात. गायनाच्या अभ्यासाला दोन महत्त्वाची: पी-यिन आणि मेलोडिया.

पी-यिन एकट्या आवाजासाठी आहे. लहरीची पुनरावृत्ती शोधून ते कंपनसंख्या ठरवतं, एका क्षणाला अनेक उमेदवार ठेवतं आणि मग त्यांतून सलग वाटणारा मार्ग निवडतं. नेहमीच्या सेटिंगवर २०४८ नमुन्यांचा तुकडा आणि २५६ नमुन्यांचं पाऊल (एका तुकड्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर) असतं, म्हणजे दर ५.८ मिलिसेकंदांना एक आकडा. एकटं गाणं, बासरी, सारंगी यांवर ते फार चांगलं चालतं. मींड तुटत नाही, कणस्वर दिसतो. 'स्मूद्ड पिच ट्रॅक' हे फलित घ्यावं. 'नोट्स' हे फलितही आहे, पण त्यात सलग रेषेचे तुकडे करून प्रत्येकाला एकच उंची दिलेली असते. पियानोवर शिकलेल्या कानाला ते सोयीचं वाटेल. मींडप्रधान गायकीत मात्र त्यामुळे अभ्यासाचा विषयच पुसला जातो.

मेलोडिया साथसंगत असलेल्या ध्वनिमुद्रणासाठी आहे: अनेक आवाजांतून मुख्य सुरावट निवडणारं. त्याच्या सेटिंगमध्ये खालची मर्यादा ५५ हर्ट्झ आणि वरची १७६० हर्ट्झ असते. ती तशीच ठेवू नये. गायकाचा खरा पट्टा ऐकून ठरवावा आणि दोन्ही बाजूंना तीन-चार अर्धस्वर जागा सोडावी. मर्यादा अरुंद केली की सप्तकाच्या चुका झपाट्याने कमी होतात. दुसरी किल्ली 'व्हॉइसिंग टॉलरन्स'. ती सैल असेल तर गायक श्वास घेतो तेव्हा मेलोडिया तंबोऱ्याचा किंवा हार्मोनियमचा स्वर उचलतं आणि तो गायकाच्या खात्यात जमा होतो. मग हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कुठल्या स्वरावर किती वेळ गेला त्याच्या आलेखात, षड्ज-पंचमाचे उंच सुळके उभे राहतात आणि राग कोणताही असो, सा आणि प बलवान दिसतात. मारव्यात पंचमाचा सुळका दिसला तर दोष गायकाचा नाही, सेटिंगचा आहे.

हार्मोनियम किंवा सारंगी गायकाच्या मागोमाग तोच वाक्यांश वाजवत असेल तर दोन्ही प्लगइन गोंधळतात. त्यावर यांत्रिक उपाय नाही. स्वररेषेचा थर वाजवता येतो. तो मूळ ध्वनीसोबत ऐकावा, जिथे रेषा साथीवर उडी मारते तो भाग निवडून पुसावा. दहा मिनिटांच्या आलापाला या सफाईसाठी तासभर सहज लागतो. तो वेळ धरूनच अभ्यासाची आखणी करावी.

आकडे बाहेर काढताना आणखी एक खाचखळगा आहे. मेलोडिया जिथे सुरावट नाही असं मानतं तिथेही अंदाज देऊ शकतं, तो ऋण चिन्हासह. ती ऋण संख्या आणि शून्यं गाळल्याशिवाय सरासरी काढली तर उत्तर निरर्थक येतं.

सेंट, षड्ज आणि झोक्याची गोष्ट

अलेक्झांडर जॉन एलिस यांनी १८८५ साली निरनिराळ्या देशांतल्या सप्तकांची मोजणी मांडली ती सेंट या एककात. सप्तकाचे १२०० भाग. टेम्पर्ड हार्मोनियमवरच्या लगतच्या दोन स्वरांत १००. एकक कुठल्याही एका संगीताचं नसल्यामुळे तुलनेला योग्य ठरलं. तुर्की पद्धतीत सप्तकाचे ५३ कोमा धरतात, एक कोमा सुमारे २२.६ सेंटांचा. जावामधल्या स्लेंद्रो या स्वरमालेत पाच पावलं, प्रत्येक साधारण २४० सेंटांच्या आसपास, पण प्रत्येक वाद्यसंचाची मिळवणी वेगळी. हे सगळं एका फूटपट्टीवर मांडता येतं.

सॉनिक व्हिज्युअलायझरमधून स्वररेषा सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे आकड्यांच्या साध्या तक्त्यात, काढावी आणि पुढचं काम स्प्रेडशीटमध्ये करावं. सूत्र साधं आहे: मोजलेली कंपनसंख्या भागिले षड्जाची कंपनसंख्या, त्याचा दोनच्या पायावरचा लघुगणक, गुणिले १२००. सगळी मदार षड्जावर आहे. तो ४४० हर्ट्झच्या पाश्चात्य मापावरून ठरवू नये. तंबोरा एकटा वाजतो अशी सुरुवातीची दहा-पंधरा सेकंदं निवडून त्याच्या वरच्या उपस्वरांवरून ठरवावा. तंबोरा मैफलीत उतरतो आणि पुन्हा मिळवला जातो, म्हणून मध्यावर आणि शेवटी पुन्हा मोजावा. षड्ज १० सेंटांनी चुकला तर प्रत्येक स्वर १० सेंटांनी चुकतो, आणि शुद्ध गंधाराच्या ३८६ आणि ४०८ या दोन शास्त्रीय मूल्यांत अंतरच मुळी २२ सेंटांचं आहे.

आता हिस्टोग्राम. कुठल्या स्वरावर आवाज किती वेळ होता, हे दर १० सेंटांच्या खान्यात मोजायचं आणि आलेख काढायचा. इथे दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार घेऊन पाहा. झोका टोकाला जाऊन क्षणभर थबकतो आणि मधल्या जागेतून वेगाने जातो. आंदोलनही तसंच. आवाज वळतो तिथे त्याची गती कमी होते, म्हणून आंदोलनाच्या दोन्ही टोकांपाशी तो जास्त वेळ असतो आणि मध्यावर कमी. हिस्टोग्राम फक्त वेळ मोजतो. परिणामी जिथे कान एक झुलता गंधार ऐकतो तिथे आलेखात दोन शिखरं आणि मध्ये दरी दिसते. 'गायक दोन गंधार वापरतो' असा निष्कर्ष इथून निघाला तर तो साफ चूक आहे. उलटही होतं: आंदोलनाचा विस्तार दर वेळी वेगळा असेल तर सगळं मिसळून एक रुंद टेकडी दिसते आणि स्वर 'अनिश्चित' आहे असं वाटतं.

म्हणून स्थिर स्वर आणि हलते स्वर वेगळे मोजावेत. किमान २५० मिलिसेकंद जिथे स्वर १५-२० सेंटांच्या पट्ट्यात राहिला तेवढेच भाग घेऊन एक हिस्टोग्राम काढावा. आंदोलन, मींड आणि गमक यांसाठी वेगळा तक्ता करावा, त्यात खालचं टोक, वरचं टोक आणि एका फेरीचा वेळ नोंदवावा. गमकाचा वेग आणि आंदोलनाचा वेग आकड्यांत वेगळे पडतात, तेव्हा कानाने ओळखलेल्या भेदाला आधार मिळतो. नझीर जयरझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्येच हिंदुस्थानी संगीतातल्या स्वरांची मोजणी करून त्यांच्या जागा बऱ्याच बदलतात हे मांडलं होतं. आज साधनं घरोघरी आली, पण 'या रागात हा स्वर अमुक सेंटांवर' असं एका ध्वनिमुद्रणावरून ठोकून देण्याचा मोह काही सुटत नाही.

सगळी सप्तकं एकावर एक घडी घालून आलेख काढायची प्रथा आहे. आधी घडी न घालता पाहावा. मंद्रातला निषाद आणि मध्यातला निषाद वेगळ्या जागी लागत असेल तर घडी घातल्यावर ते कायमचं झाकलं जातं.

लय: ठोका कुठे मारायचा

या सॉफ्टवेअरचं दुसरं मोठं बळ म्हणजे हाताने ठोके देऊन मात्रा नोंदवणं. 'टाइम इन्स्टंट्स' थर उघडायचा, ध्वनी चालू करायचा आणि अर्धविरामाच्या कळीवर ठोका देत जायचं. प्रत्येक ठोक्याला उभी रेघ पडते. खुणांना क्रमांक देण्याच्या मेनूत आवर्तनाची लांबी ठरवता येते: झपतालाला १०, एकतालाला १२, तीनतालाला १६. मग प्रत्येक रेघेवर कितवं आवर्तन आणि कितवी मात्रा हे आपोआप लिहिलं जातं. लेबलाऐवजी पुढच्या खुणेपर्यंतचा वेळ किंवा त्यावरून निघणारा मिनिटाला मात्रांचा दरही लिहून घेता येतो.

कच्चे ठोके मात्र कधीही अंतिम आकडे नव्हेत. हात आणि यंत्र मिळून वीस-तीस मिलिसेकंद सहज इकडे-तिकडे होतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची. एक ठोका २५ मिलिसेकंद उशिरा आणि पुढचा २५ मिलिसेकंद लवकर पडला तर मोजलेली मात्रा ४५० ची होते आणि लय १३३ दिसते. वादकाने काहीच केलेलं नसताना आलेखात रुबाटो, म्हणजे लयीची मुद्दाम केलेली ओढाताण, उगवतो. उपाय असा: आधी पूर्ण ठोके द्यावेत, मग लहर मोठी करून प्रत्येक खूण संपादनाच्या साधनाने ओढून आघाताच्या सुरुवातीवर बसवावी, मग वेग अर्धा करून टिकटिक ऐकावी. वेग कमी केला तरी स्वराची उंची बदलत नाही, आणि मंद चालवून दिलेल्या ठोक्यांच्या वेळाही मूळ काळरेषेवरच नोंदल्या जातात. रुबाटोच्या अभ्यासात ही पद्धत कसोटीला उतरलेली आहे. इंग्लंडमधल्या चार्म या मुद्रित संगीताच्या संशोधनकेंद्राच्या प्रकल्पात शोपँच्या माझुर्का या पियानोरचनांची असंख्य ध्वनिमुद्रणं याच सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तपासली गेली.

चुकीचं प्रमाण लयीवर ठरतं, हे लक्षात ठेवून काय मोजायचं ते निवडावं. अतिविलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची असेल तर ३० मिलिसेकंदांची चूक एक टक्क्याहूनही कमी. द्रुत तीनतालात मात्रा २०० मिलिसेकंदांची असेल तर तीच चूक १५ टक्के. तिथे मात्रा मोजूच नयेत. फक्त समेवर खूण करावी. सोळा मात्रांचं आवर्तन ३.२ सेकंदांचं होतं आणि चूक पुन्हा एक टक्क्याखाली येते.

आघात आपोआप शोधणारं प्लगइन तबला, पखवाज, पियानो, गिटार यांवर कामाचं आहे. गळ्यावर आणि गजाच्या वाद्यांवर ते भरवशाचं नाही, कारण तिथे स्वराला टोकदार सुरुवातच नसते. बायाच्या मींडेवरही ते मध्येच एखादा आघात शोधून काढतं.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. क्वीन मेरीच्याच संचात स्केल ओळखणारं प्लगइन आहे. ते पाश्चात्य संगीतातल्या चोवीस मेजर-मायनर स्केलांपैकी एक निवडतं. त्याला मकाम दिला, राग दिला, स्लेंद्रो दिला तरी ते या चोवीसांतलंच एक उत्तर देतं. 'हे माझ्या चौकटीत बसत नाही' असं म्हणायची सोय त्यात नाही. लयीचे ठोके ओळखणारं प्लगइनही पाश्चात्य लोकप्रिय संगीतासारखा स्थिर ठोका गृहीत धरतं. विलंबित ख्यालात ते तबल्याच्या भरणीलाच मात्रा समजतं. दोष प्लगइनचा नव्हे, ते ज्या संगीतासाठी बनलं तिथे चांगलंच चालतं. पण अनेक संस्कृतींच्या संगीताची तुलना करणाऱ्याने ही दोन फलितं पुरावा म्हणून वापरू नयेत.

धातूची वाद्यं आणि जुन्या तबकड्या

गामेलानमधल्या पट्ट्यांचे उपस्वर पूर्णांक पटींत नसतात. दोन्ही टोकं मोकळी असलेल्या सरळ पट्टीची दुसरी कंपनावस्था पहिल्याच्या सुमारे २.७६ पट आणि तिसरी ५.४ पट असते. पी-यिन पुनरावृत्ती शोधतं, आणि इथे नीट पुनरावृत्तीच नसते, म्हणून रेषा वेड्यासारखी उड्या मारते. इथे स्पेक्ट्रोग्रामवर थेट मापनाचं साधन वापरावं, आघातानंतरचा अर्धा सेकंद सोडून उरलेली आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, मोजावी.

बालीमध्ये जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळी मिळवतात, त्यामुळे आवाज थरथरतो. त्या थरथरीला ओंबाक म्हणतात. दोन स्वरांत ७ हर्ट्झचा फरक असेल तर त्या दोन रेघा स्पेक्ट्रोग्राममध्ये स्पष्ट वेगळ्या दिसायला ३२,७६८ ची विंडो लागते, म्हणजे पाऊण सेकंदाचा तुकडा. त्याहून सोपा मार्ग आहे. लहरीचा फलक मोठा करावा आणि एका सेकंदात लहर किती वेळा फुगते ते मोजावं. सात फुगवटे म्हणजे सात हर्ट्झ. इथे सर्वांत साधं चित्र सर्वांत अचूक ठरतं.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, अभ्यासकालाच सावध राहावं लागतं. अठ्ठ्याहत्तरी म्हटल्या जाणाऱ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या असतीलच असं नाही. ७६ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर ४५ सेंटांनी चढतो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने, आणि लयही त्याच प्रमाणात वाढते. एक टक्का वेगाला १७ सेंट, हे गणित पाठ असावं. वेग स्थिर असेल तर स्वरांतरं सुरक्षित राहतात. काळी एक की पांढरी दोन, हे मात्र सांगता येत नाही. तबकडीच्या सुरुवातीला आणि शेवटी षड्ज वेगळा आला तर मुद्रणयंत्राचा वेग बदलला असण्याची शक्यता आधी तपासावी, गायकाचा सूर चढल्याचा निष्कर्ष नंतर.

विजेवरच्या मुद्रणाआधीच्या, म्हणजे १९२५ पूर्वीच्या तबकड्यांत खालच्या कंपनसंख्या फार क्षीण असतात. पुरुष गायकाचा मूळ स्वर स्पेक्ट्रोग्राममध्ये दिसतच नाही, दुसऱ्या उपस्वरापासून रेषा सुरू होते. सर्वांत खालची रेघ म्हणजे स्वर, असं धरलं की सप्तक चुकतं. उपस्वरांमधलं अंतर मोजावं. तेच मूळ कंपनसंख्या असतं. आणि दहा इंची तबकडीत साधारण तीन मिनिटं बसत. त्यावरची लय आणि विस्तार पाहून त्या काळच्या मैफलीतल्या गायकीबद्दल बोलताना हे बंधन विसरून चालणार नाही.

एकाच रचनेची अनेक ध्वनिमुद्रणं एकत्र उघडून मॅच प्लगइनने त्यांच्या काळरेषा जुळवता येतात: एका वादनात बोट ठेवलं की दुसऱ्यात तीच जागा. लिहिलेल्या रचनांसाठी हे विलक्षण सोयीचं आहे. बंदिश एक पण विस्तार दर वेळी नवा, अशा गायकीत जुळवायला समान मजकूरच नसतो. तिथे हे बटण दाबून उपयोग नाही.

फायली, आणि सोबतची साधनं

सत्राच्या फाइलमध्ये खुणा, थर आणि सेटिंग साठतात. ध्वनी साठत नाही, फक्त त्याचा पत्ता साठतो. ध्वनीची फाइल दुसरीकडे हलवली की सत्र उघडताना ती शोधून द्यावी लागते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवावं आणि ध्वनीचं नाव मध्येच बदलू नये. एमपी३ टाळून वेव्ह फाइल वापरावी: एमपी३च्या सुरुवातीला एन्कोडिंगमुळे काही मिलिसेकंदांची रिकामी जागा येते, ती वेगवेगळी सॉफ्टवेअर वेगवेगळ्या रीतीने हाताळतात, आणि एका ठिकाणी केलेल्या खुणा दुसरीकडे सरकलेल्या दिसतात. प्रत्येक थर सीएसव्हीत वेगळा काढून ठेवावा. प्लगइनचं नाव, आवृत्ती, विंडो, पाऊल आणि बदललेली प्रत्येक किल्ली त्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुरात लिहावी. तेवढी नोंद नसेल तर दुसऱ्याला, आणि सहा महिन्यांनी स्वतःलाही, तोच आलेख पुन्हा काढता येत नाही.

शेकडो फायलींवर तेच प्लगइन चालवायचं असेल तर सॉनिक अ‍ॅनोटेटर वापरावं; ते आज्ञा लिहून चालवायचं असतं, पण हीच प्लगइन वापरतं. फक्त एकट्या गायनाची स्वररेषा सुधारत बसायची असेल तर त्याच घराण्यातलं टोनी जास्त चपळ आहे: चुकलेला भाग निवडला की पर्यायी रेषा समोर येतात, सप्तक वरखाली करता येतं. गाण्यातल्या शब्दांचे उच्चार आणि स्वरवर्ण तपासायचे असतील तर अ‍ॅमस्टरडॅममध्ये तयार झालेलं प्राट घ्यावं. मेलोडियाची परवानगी अव्यावसायिक वापरापुरती आहे, हे प्रकाशकासाठी किंवा कंपनीसाठी काम करणाऱ्याने आधीच पाहून घ्यावं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने साथीशिवायचं दोन मिनिटांचं गायन घ्यावं, शक्यतो चांगलं ओळखीचं. मेलडिक रेंज स्पेक्ट्रोग्राम उघडावा, त्यावर पी-यिनची रेषा चढवावी, आणि डोळे मिटून एकदा, उघडे ठेवून एकदा ऐकावं. जिथे कान आणि रेषा यांचं जमत नाही, तिथे मजकुराच्या थरात खूण करावी आणि विंडो बदलून तेवढाच भाग पुन्हा पाहावा.